‘औषध’ या शब्दाचे दोन अर्थ

मराठवाड्यातील कोणत्याही खेड्यात अपरात्री दारावर थाप पडून ‘अमक्यानं औषध घेतलं’ एवढे तीनच शब्द कानांवर आले, तर ऐकणारा मनुष्य कोणते औषध, कोणत्या डॉक्टरने दिले, दिवसातून किती वेळा घ्यायचे, असले प्रश्न विचारीत बसत नाही. पायांत वहाणा सरकविण्याचेही भान न राहता, गावात गाडी कोणाच्या दारी उभी आहे हे पाहण्यासाठी तो अंधारात धावत सुटतो. पिकावर फवारावयाच्या विषाला आपल्याकडे ‘औषध’ म्हणतात. कपाशीला, सोयाबीनला, हरभऱ्याला जे वाचविते ते शेतकऱ्याच्या लेखी औषधच, आणि म्हणून तो शब्द काही चुकीचा नव्हे. परंतु त्याच शब्दाने गेल्या तीन-चार दशकांत आमच्या बोलीत जो दुसरा, काळा अर्थ धारण केला, तो कोणत्याही कोशकाराने नोंदविण्यापूर्वी पोलीस पाटलाच्या वर्दीत, तहसील कचेरीच्या दफ्तरात आणि जिल्हा रुग्णालयाच्या नोंदवहीत नोंदविला गेला.

मनाच्या आजारांवर कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग करावा की नाही, केल्यास कितपत करावा, याविषयी गेली दोन-तीन वर्षे जगभर जी चर्चा चालू आहे तिच्यात या शब्दाचा विचार कोणी केला असेल असे वाटत नाही. ती चर्चा बहुतेक इंग्रजीत चालते आणि ती यंत्रेही प्राधान्याने इंग्रजीवर पोसलेली आहेत. मराठी वाक्य आधी इंग्रजीत उतरवून, त्याचा अर्थ तिकडे लावून, उत्तर पुन्हा मराठीत आणणारी एखादी यंत्रणा उद्या आमच्या गावात आली, आणि मध्यरात्री कोणा बाईने घाबऱ्याघुबऱ्या तिला सांगितले की ‘यांनी औषध घेतलंय’, तर ‘घेतले हे उत्तम झाले, आता विश्रांती घेऊ द्या’ असे उत्तर तिच्याकडून येणारच नाही, याची हमी मला कोणी द्यावी, एवढ्यासाठीच हा लेख लिहिण्याचा खटाटोप मी केला आहे. माझा यंत्राला विरोध नाही. किंबहुना पुढे जे लिहिले आहे ते वाचल्यावर काही स्नेह्यांना मी यंत्राचा अतिरेकी पक्षपाती वाटेन. पण ज्याला आपल्या दुःखात वाटेकरी करून घ्यावयाचे, त्याने आपली भाषा शिकून यावे, ही अट मला न सोडण्याजोगी वाटते.

ज्या जिल्ह्याच्या अनुषंगाने मी हे लिहितो आहे तो हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत आणि औंढा नागनाथ असे त्याचे पाच तालुके. निजामाच्या राजवटीत हिंगोलीस हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. आज हे गाव महाराष्ट्रात ओळखले जाते ते हळदीच्या बाजारामुळे, आणि मराठी मनात त्याचे जे खरे स्थान आहे ते कयाधूच्या काठच्या नरसी या गावामुळे, जेथे नामदेवांचा जन्म झाल्याचे परंपरा सांगते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार. त्यात मराठी बोलणारे बहुसंख्य असले तरी हिंगोली-वसमतच्या पेठांतून दखनी वळणाची उर्दू ऐकू येते, तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते, आणि कळमनुरीच्या बाजूस आंध आदिवासींची वस्ती आहे; तेव्हा ‘स्थानिक भाषा’ हा एकवचनी शब्द इथे वापरणारा मनुष्य इथे राहिलेला नाही, असे खुशाल समजावे.

आता थोडा हिशेब मांडतो. बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. पाहणी ज्या बारा राज्यांत झाली त्यांत महाराष्ट्र नव्हता, हे आपल्याकडील व्याख्यानांतून क्वचितच सांगितले जाते. त्या पाहणीनुसार देशातील प्रौढांपैकी १०.६ टक्के लोक त्या घटकेस कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने पीडित होते आणि निरनिराळ्या विकारांत उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के होते. हेच प्रमाण हिंगोलीस लावावयाचे ठरविले आणि जिल्ह्यात सात लाख प्रौढ धरले, तर सत्तर हजारांहून अधिक माणसे भरतात. त्यांना पाहणार कोण? त्याच सुमारास देशात लाख लोकसंख्येमागे मनोविकारतज्ज्ञांचे प्रमाण ०.७५ इतके होते, म्हणजे सारे तज्ज्ञ सारख्या वाटणीने देशभर बसविले असते तर हिंगोली जिल्ह्याच्या वाट्यास जेमतेम नऊ आले असते. आणि ते सारख्या वाटणीने बसत नाहीत, मुंबई-पुण्याकडे बसतात, हे सांगावयास सर्वेक्षण लागत नाही. राज्याची चार जुनी मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्यात त्यांपैकी एकही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात ज्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले त्यांत हिंगोलीचे आहे, ही अलीकडची आनंदाची गोष्ट; पण महाविद्यालयाचे रोप लावल्यापासून त्याच्या सावलीत तज्ज्ञ तयार होईपर्यंत दहा-बारा वर्षे तरी जावी लागतात.

तोवर काय? तोवर आमच्याकडे शब्द आहेत. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतील ‘अवसाद’, ‘विषण्णता’, ‘चिंताविकृती’ हे शब्द खेड्यात कोणी उच्चारीत नाही, म्हणून खेड्यात ते आजार ओळखले जात नाहीत असे समजणे ही शहरी मनाची मोठी चूक आहे. माझ्या लहानपणी, १९७२ च्या दुष्काळात, आमच्या नात्यातील एका करत्या पुरुषाची बैलजोडी मातीमोलाने विकली गेली आणि त्यानंतर तो मनुष्य ओसरीच्या खांबाला टेकून जो बसला तो पुन्हा म्हणून पूर्वीसारखा उठला नाही. घरातील म्हातारी माणसे एवढेच म्हणत, ‘त्यानं हाय खाल्ली.’ आज इतक्या वर्षांनी, बरीच पुस्तके वाचल्यानंतर, त्या रोगाचे याहून नेमके निदान मला करता येत नाही. हाय खाणे म्हणजे नुसते दुःखी होणे नव्हे: बाहेरून आलेला आघात आत घेणे, तो पचनी न पडणे, आणि त्यानेच माणूस आतून खंगत जाणे, एवढी सारी प्रक्रिया त्या दोन शब्दांत आहे. ‘घोर लागला’, ‘करमत नाही’, ‘अन्न गोड लागत नाही’, ‘जीव लागेना’, ‘डोकं जड पडलंय’, ‘जीव खाली-वर होतो’ ही सगळी आमची रोगलक्षणांची यादी आहे. आणि काहीच समजले नाही की ‘बाहेरचं असंल’ म्हणून देवरुषाकडे जाण्याची जुनी वाट आहे. त्या वाटेने जाणाऱ्यांची हेटाळणी मला करवत नाही. ज्याच्या गावात दुसरा कोणी ऐकून घेणारा नाही, तो ऐकून घेणाऱ्याकडे जातो.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला, १९९६ पासून त्याचे जिल्हा पातळीवरील रूप आले. आणि २०१५ च्या सुमारास महाराष्ट्र शासनाने शेतकरी-आत्महत्यांनी ग्रासलेल्या चौदा जिल्ह्यांसाठी, म्हणजे मराठवाड्यातील आठ आणि विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी, ‘प्रेरणा प्रकल्प’ आखला. हिंगोली त्या चौदांत आहे. योजना अशी की गावोगावच्या आशाताईंनी घरोघर फिरून एका प्रश्नावलीच्या साहाय्याने कोणाच्या मनावर ताण आहे हे टिपावे, सौम्य असेल त्यास धीर द्यावा, मध्यम असेल त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि तीव्र असेल त्यास जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक आणि परिचारिका यांच्या पथकाकडे पोहोचवावे; शिवाय १०४ या क्रमांकावर समुपदेशन मिळावे. कागदावर इतकी माणूसकेंद्री योजना क्वचितच पाहावयास मिळते, कारण तिचा पहिला दुवा डॉक्टर नसून गावातलीच एक बाई आहे. साधारण हजार वस्तीमागे एक आशाताई, या हिशेबाने तिला उंबरठा ओळखीचा, चुलीपर्यंत प्रवेश मोकळा.

पण त्याच बाईच्या डोक्यावर गरोदर माता, लसीकरण, क्षयरोग, कुष्ठरोग, हिवताप आणि ऐनवेळी येणारी डझनभर सर्वेक्षणे आहेत. तिच्या पिशवीतील कागद मोजले म्हणजे मन विचारण्याची पाळी येईपर्यंत दिवस मावळलेला असतो, हे कोणासही कळेल. ज्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास माणसाजवळ तासभर बसावे लागते, तो प्रश्न रकान्यात ‘होय-नाही’ अशी खूण करून सुटत नाही. आणि आत्महत्या घडल्यानंतर मात्र शासनाचा कागद विलक्षण तत्परतेने धावतो: पंचनामा होतो, जबाब होतात, सातबारा आणि कर्जाचा दाखला मागविला जातो, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे प्रकरण जाऊन ते ‘पात्र’ अथवा ‘अपात्र’ ठरते, आणि पात्र ठरल्यास एक लाख रुपयांपैकी तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेवीत, अशी तजवीज होते. २०२२ या एका वर्षात देशात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० व्यक्तींनी आत्महत्या केल्याची राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी आहे. त्यांपैकी ४,२४८ महाराष्ट्रातील. मेलेल्याची इतकी बारकाईने चौकशी करणाऱ्या आपल्या व्यवस्थेने तीच चौकशी आठ महिने आधी, मनुष्य ओसरीवर बसलेला असताना केली असती तर, हा विचार ती आकडेवारी वाचताना माझी पाठ सोडीत नाही.

अशी आधी चौकशी केल्यास उपयोग होतो का, याचे उत्तर शेजारच्या विदर्भाने दिलेले आहे. अमरावती जिल्ह्यातील तीस खेड्यांत ‘विश्राम’ या नावाने एक उपक्रम राबविण्यात आला; गोव्यातील ‘संगाथ’ ही १९९६ मध्ये स्थापन झालेली संस्था त्यामागे होती. गावातल्याच स्त्री-पुरुषांना शिकवून तयार केले, त्यांनी घरोघर जाऊन बोलावे, साधे समुपदेशन करावे, गरजेप्रमाणे वरच्या टप्प्यावर पाठवावे, एवढेच त्याचे स्वरूप. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण आधी ४.३ टक्के होते ते अठरा महिन्यांत २७.२ टक्क्यांवर गेले. सहापट! आणि हे कोणत्याही चमत्कारी औषधाने घडले नाही. दारात कोणीतरी येऊन बसले, म्हणून घडले. कृत्रिम बुद्धिमत्तेचा विचार करताना मी हा अनुभव दृष्टीआड होऊ देत नाही, कारण यंत्राची तुलना ‘काहीच नाही’ याच्याशी केली तर यंत्र नेहमीच जिंकते. आपण तुलना करावयाची ती दारात येऊन बसणाऱ्या माणसाशी.

मनाशी बोलणाऱ्या यंत्राची कथा बरीच जुनी आहे. १९६६ मध्ये अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाची संगणक-आज्ञावली प्रसिद्ध केली. तिला कळत काहीच नव्हते. समोरच्याचे वाक्य उलटवून त्याचाच प्रश्न करावयाचा, एवढीच तिची विद्या. कोणी म्हणाले, ‘आईची आठवण येते’, तर तिने विचारावे, ‘आईबद्दल आणखी काही सांगा.’ ही सारी हातचलाखी आहे हे पुरेपूर ठाऊक असलेली वायझेनबाउम यांची स्वतःची सचिव त्या यंत्राशी थोडा वेळ बोलली आणि मग तिने त्यांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. या प्रसंगाने ते इतके अस्वस्थ झाले की पुढील आयुष्य त्यांनी यंत्रावरील अंधविश्वासाविरुद्ध सावध करण्यात घालविले. मला मात्र त्या कथेत यंत्रापेक्षा ती बाई अधिक बोलकी वाटते. ऐकून घेणारे कोणी मिळाले की माणूस किती पटकन दार लावून घेतो! २०१४ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांना असे आढळले की समोरच्या पडद्यामागे माणूस नसून नुसते यंत्र आहे असे सांगितल्यावर लोक आपले दुःख अधिक मोकळेपणाने सांगतात. आमच्या खेड्यात तर हे सहज समजण्यासारखे आहे. गावात मनाच्या आजाराचा बोभाटा झाला की घराला ‘येड्याचं घर’ म्हणतात आणि त्या घरच्या मुलींची स्थळे परत जातात. यंत्र पाणवठ्यावर काही बोलत नाही.

आजची यंत्रे एलायझापेक्षा फार पुढे गेली आहेत. बेंगळुरूत घडलेले ‘वायसा’ हे संभाषण-ॲप जगभर वापरले जाते. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतील डार्टमथ येथील संशोधकांनी ‘थेराबॉट’ नावाच्या यंत्राची २१० प्रौढांवर चाचणी करून, नैराश्याची लक्षणे सरासरी ५१ टक्क्यांनी घटल्याचे प्रसिद्ध केले. त्या चाचणीत यंत्राच्या बोलण्यावर माणसांची देखरेख होती, हे वाक्य जाहिरातींतून गळते म्हणून मी मुद्दाम लिहितो. दुसरी बाजूही तितकीच खरी. २०२३ मध्ये अमेरिकेतील आहारविकारांवर काम करणाऱ्या एका संघटनेस आपले यंत्र बंद करावे लागले, कारण उपाशी राहण्याच्या आजाराने पछाडलेल्यांस ते वजन घटविण्याचे उपाय सांगू लागले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील एका सोळा वर्षांच्या मृत मुलाच्या आईवडिलांनी, यंत्राशी दीर्घकाळ चाललेल्या संभाषणाने त्याला आत्मघाताकडे ढकलले, असा आरोप करून चॅटजीपीटी चालविणाऱ्या कंपनीविरुद्ध दावा लावला. त्याच महिन्यात इलिनॉय राज्याने यंत्राकरवी मानसोपचार करण्यास कायद्याने मनाई केली. म्हणजे ज्या देशात ही यंत्रे घडतात तेथेच त्यांना वेसण घालण्याची निकड भासू लागली आहे.

माझा मुख्य आक्षेप मात्र याहून वेगळा, आणि पुन्हा भाषेचाच आहे. ही यंत्रे मराठी बोलतात तेव्हा व्याकरण बहुधा शुद्ध असते. पण ‘मी तुमच्यासाठी इथे आहे’, ‘तुमच्या भावना वैध आहेत’ असली वाक्ये ऐकून आमच्याकडील कोणता मनुष्य मन मोकळे करील? आमच्याकडे मनाची विचारपूस मनापासून सुरूच होत नाही. ती ‘काय म्हणतंय पीकपाणी?’ येथून सुरू होते, ‘जेवलास का?’ या प्रश्नावर येते, चहाचा एक कप मध्ये पडतो, आणि मग बराच वेळ कोणी काही बोलत नाही. त्या न बोलण्याचा अर्थ लावणे हीच खरी विद्या. काही गोष्टी तर बोलण्यात येतही नाहीत. एखादा कर्जबाजारी मनुष्य अचानक सगळ्यांचे देणे-घेणे मिटवू लागला, जमिनीचा फेरफार बायकोच्या नावे करण्याची घाई करू लागला, शेजाऱ्याला सहज म्हणाला की ‘माझ्या मागं लेकरांकडं ध्यान असू द्या’, तर आकडे पाहणारे यंत्र कदाचित म्हणेल की मनुष्य सावरतो आहे, व्यवहार नीट करतो आहे. गावातील एखादी अनुभवी म्हातारी मात्र त्याच क्षणी त्याच्या बायकोला बाजूस घेऊन सांगेल, ‘ह्याला एकटं सोडू नको.’ हे ज्ञान आमच्या बोलीत आणि या बारकाव्यांनिशी ग्रंथांत क्वचितच सापडते, म्हणून ते यंत्राजवळ असेलच असे नाही. ते आशाताईंजवळ, गावातील वडीलधाऱ्यांजवळ आणि प्रेरणा प्रकल्पाच्या समुपदेशकांजवळ आहे. हिंगोलीस यंत्र आणावयाचे असेल तर आधी या मंडळींना बसवून, ती सांगतील ते शब्द, त्या म्हणी, ती शांतता लिहून काढावी लागेल. आणि ‘औषध घेतलं’ या वाक्यावर, ते कोणत्याही अर्थाने उच्चारलेले असो, जिवंत माणसास ताबडतोब जागे करण्याचा हुकूम त्या यंत्रात पहिल्या ओळीस लिहावा लागेल.

एवढे केले तर उपयोग आहे, आणि मोठा आहे. समुपदेशकाच्या खुर्चीवर यंत्राला बसविण्याची घाई करू नये. त्याला आशाताईची कारकुनी द्यावी. तिने ओसरीवर बसून मोकळेपणी बोलावे, त्या घरच्यांची संमती असेल तेथे फोनने ते ऐकून नोंद लिहून काढावी, रकाने भरावेत, मागील भेटीत काय बोलणे झाले होते याची आठवण द्यावी, आणि गोळ्या सुरू झालेल्या रुग्णाने त्या मध्येच सोडल्या का, याची दर आठवड्यास आपुलकीच्या मराठीत चौकशी करावी. दहा प्रश्नावल्यांतून जी एक तातडीची आहे ती सर्वांत वर ठेवावी. मध्य प्रदेशातील सिहोर जिल्ह्यात आशा कार्यकर्त्यांना नैराश्यावरील साधे समुपदेशन फोनच्या साहाय्याने शिकविण्याचा प्रयोग झालेला आहे; आपल्याकडे त्याच्या पुढे जाऊन, शिकाऊ समुपदेशकास सराव करण्यासाठी यंत्राने रुग्णाचे सोंग घ्यावे, म्हणजे पहिल्या चुका खऱ्या दुःखितावर होणार नाहीत. आवाजाच्या कंपनावरून नैराश्य ओळखल्याचे दावे जे करतात त्यांच्यापासून मात्र मी दोन हात दूर राहीन. हळद शिजवून थकलेल्या बाईचा आवाज आणि हाय खाल्लेल्या बाईचा आवाज यांतील भेद इथल्या आवाजांवर सिद्ध करून दाखविल्याशिवाय तो दावा इथे आणू नये.

यंत्र आणि माणूस यांच्या अशा जोडकामाचा एक दाखला योगायोगाने हिंगोलीच्या दारातच उभा राहतो आहे. औंढा नागनाथ तालुक्यात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहावयाची असून केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या तिच्या दोन भुजा, कोट्यवधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली असतील त्या घटनेची, अणूच्या गर्भातील कणाच्याही सूक्ष्म अंशाएवढी थरथर टिपतील. अमेरिकेतील अशा वेधशाळांत खरी लहर कोणती आणि नुसता खडखडाट कोणता हे निवडण्याच्या कामी ‘ग्रॅव्हिटी स्पाय’ नावाच्या प्रकल्पात शिकाऊ यंत्र आणि हजारो सामान्य स्वयंसेवक एकमेकांस शिकवीत काम करतात. इतका संवेदनशील कान ज्या तालुक्यात बसविण्याचे आपण ठरविले, त्याच तालुक्यातील माणसाचा उसासा टिपण्यासाठी काही कोटी काढणे आपल्याला जड जाऊ नये.

औंढ्याच्या देवळाची एक आख्यायिका इथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. नामदेव महाराज देवासमोर कीर्तन करीत असता पुजाऱ्यांनी त्यांना देवळामागे घालवून दिले, आणि मग देऊळच फिरून त्यांच्या बाजूस तोंड करून उभे राहिले. वैद्यक काय किंवा यंत्रविद्या काय, ज्यांची ती आजवर पाठमोरी राहिली त्यांच्याकडे ती कशी वळवावी, याचा विचार करताना मला ते फिरलेले देऊळ आठवते.

दोन गोष्टी जाता जाता सांगून ठेवणे अवश्य आहे. पहिली गुप्ततेची. घरातील फोन बहुधा एकच, आणि तो पुरुषाच्या खिशात; तेव्हा जिला छळाविषयी बोलावयाचे आहे तिने कोणत्या फोनवरून बोलावे? बोललेले कोठे साठते, कोण वाचते, ते उद्या बँकेच्या किंवा विमा कंपनीच्या हाती पडेल का? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला आहे; पण कायद्याचे कलम आणि कळमनुरीच्या एखाद्या तांड्यावरील फोन यांमधील अंतर कोणीतरी प्रत्यक्ष चालून पाहिले पाहिजे. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्यास पोलिसांचे भय वाटते, म्हणून तो आणि त्याचे घर मुकाट राहते. त्यांना कोणीतरी हेही सांगावे की २०१७ च्या त्या कायद्याने अशा माणसास अपराधी न मानता तीव्र तणावाखालील व्यक्ती मानले आहे, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरविणारे ते जुने ३०९ कलम उरलेले नाही.

दुसरी गोष्ट शेतीच्या यंत्राची. २०२५ मध्ये राज्याच्या कृषी विभागाने ‘महाविस्तार’ नावाचे ॲप आणले. त्यात शेतकरी मराठीत प्रश्न विचारतो आणि यंत्र उत्तर देते. मला असे वाटते की हिंगोलीतील शेतकऱ्याचे दुःख ज्या यंत्राच्या कानी सर्वांत आधी पडेल ते मानसोपचाराचे नसून हेच असेल. मनाच्या ॲपवर तो कशाला जाईल? तो सोयाबीनवरील अळीविषयी विचारील, मग पाण्याखाली गेलेल्या पिकाच्या पंचनाम्याविषयी, मग कर्जाच्या मुदतीविषयी, आणि चौथ्या प्रश्नास कदाचित म्हणेल, ‘आता काही अर्थ राहिला नाही.’ त्या चौथ्या वाक्याला काय उत्तर द्यावे हे शेतीच्या यंत्रास शिकविलेले असलेच पाहिजे. कृषी विभाग आणि आरोग्य विभाग यांची दफ्तरे वेगळी असतील. बोलणारा माणूस एकच आहे.

आणि शेवटी, ज्याच्या दुःखाचे कारण सातबाऱ्यावर लिहिलेले आहे त्याला केवळ दीर्घ श्वास घ्यावयास शिकविणे हा त्याचा अपमान आहे. बाजारभाव, पीकविमा, सावकारी, पाणी यांचे प्रश्न मनाच्या खात्यावर वर्ग करून शासनाने मोकळे होऊ नये. श्रीलंकेने १९९० च्या दशकापासून अतिघातक कीटकनाशकांवर क्रमाक्रमाने बंदी आणली आणि वीस वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरले, शेतीचे उत्पन्न मात्र घटले नाही. हताशेचा एक क्षण टळला की पुष्कळ माणसे जगतात. तो क्षण टाळण्यास कधी बंदीचा हुकूम उपयोगी पडतो, कधी कडीकुलपात ठेवलेला डबा, कधी वेळेवर वाजलेला फोन, आणि पुष्कळदा सहज म्हणून दारात डोकावलेला शेजारी.

हिंगोलीच्या बोलीत बोलणारे असे यंत्र घडेल तेव्हा घडो. आजही चालू असलेली एक सोय वाचकांना सांगतो. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाने ‘टेली-मानस’ ही सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६. तो विनामूल्य आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येते, आणि पलीकडे माणूस असतो. हा अंक वाचून झाला की तो क्रमांक घरातील दिनदर्शिकेवर ठळक लिहून ठेवा. गावी जाणार असाल तर तेथील भिंतीवरही लिहा, आणि फवारणीचे औषध ज्या खोलीत ठेवतात त्या खोलीच्या दारावर तर अवश्य लिहा.